काथवट कोणी कोरली?

रमजानच्या आधी घराची झाडलोट करताना माळ्यावरून एक काथवट खाली काढली. कल्याणचं जुनं घर सोडून मुंब्र्याच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा पुष्कळ सामान भंगारात गेलं. पितळी हंडे गेले, सागवानी पलंग गेला. ही काथवट मात्र आमच्या दादीची म्हणून राहिली. दादी हिच्यात तांदळाचं पीठ मळायची आणि भाकऱ्या थापायची. आता पीठ स्टीलच्या परातीत मळलं जातं, म्हणून ती माळ्यावर.

पुसताना उलटी केली, तर बुडाला हत्याराच्या खुणा दिसल्या. आतली बाजू पिठाने आणि हातांनी गुळगुळीत झालेली, पण खालची बाजू कोरणाऱ्याने सोडली तशीच होती. एका अखंड ओंडक्यातून पोखरून काढलेली ही वस्तू. कुठे जोड नाही, खिळा नाही. साठ-सत्तर वर्षांत तडा गेलेला नाही.

फुफीला फोन केला. तिला सगळं आठवत होतं. दरसाल पावसाआधी एक माणूस डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन मोहल्ल्यात यायचा. मोळीबरोबर कधी काथवट, कधी उखळीचं मुसळ, कधी कोयत्याची मूठ. दादीने ही काथवट त्याच्याकडून दोन पायली तांदूळ आणि थोडे सुके बोंबील देऊन घेतली. आम्ही विचारलं, "त्याचं नाव काय होतं?" फुफी हसली. म्हणाली, "अरे, त्याला नाव कोण विचारतं? कातकरी आला, एवढंच म्हणायचे."

हे उत्तर आमच्या मनातून गेलं नाही. आमच्या घरातली सगळ्यात टिकाऊ वस्तू ज्याने केली, त्याचं नाव आमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही. मग आम्ही थोडं वाचलं, थोडं विचारलं. जे हाती लागलं ते एका काथवटीपुरतं नाही. ठाण्याच्या डोंगरात लाकूड कोरणाऱ्या माणसावर इंग्रजांच्या राज्यात काय गुजरलं, त्याची ती हकीकत आहे.

डोंगरातले हात

ठाणे जिल्हा म्हटलं की आज इमारती डोळ्यांसमोर येतात. पण १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा होईपर्यंत हा जिल्हा खाडीपासून थेट जव्हार-मोखाड्याच्या घाटापर्यंत पसरलेला होता. वारली, कातकरी, ठाकर, महादेव कोळी, मल्हार कोळी, कोकणा हे इथले जुने रहिवासी. ठाणे शहराच्या कुशीतल्या येऊरला आजही आदिवासी पाडे आहेत. शहापूर, मुरबाडकडे तर गावंच्या गावं.

या लोकांचं सगळं आयुष्य लाकडाशी बांधलेलं. घराच्या कुडाचे खांब, नांगर, उखळ-मुसळ, काथवट, पाट, तीर-कामठा, हे सगळं घरचं काम. त्यासाठी बलुतेदार सुतार लागत नसे. कुऱ्हाड, कोयता आणि वाकस एवढी हत्यारं पुरत. शिकवणारी शाळा म्हणजे बाप आणि मामा. कोणतं झाड कशाला चालतं हे ज्ञान त्यांचं स्वतःचं. नांगराला वजन झेलणारं लाकूड हवं. काथवटीला शिवणीसारखं, हलकं आणि न तडकणारं हवं. पावसात उघड्यावर उभं राहायचं असेल तर साग हवा.

पावसात उघड्यावर काय उभं राहायचं? वाघदेव. डहाणू, जव्हारपासून येऊरच्या डोंगरापर्यंत वाघोबाची ठाणी आहेत. कुठे नुसता शेंदूर लावलेला दगड असतो, कुठे कोरलेली शिळा, तर कुठे लाकडाची उभी फळी. फळीवर वाघ, वर सूर्य आणि चंद्र, कधी नाग. सुगीच्या आधी गाव जमतं, गुराढोरांचं आणि माणसांचं रक्षण मागतं. ती श्रद्धा आपली नाही. पण बिबट्याच्या रानात गुरं राखणाऱ्या माणसाने आपल्या शेजाऱ्याला, म्हणजे वाघाला, लाकडात कसं पाहिलं, हे त्या फळीवर दिसतं. चार-सहा घावांत शेपटी उभी राहते. रेघ वाया जात नाही.

दुसरं मोठं काम मुखवट्यांचं. जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागात बोहाडा होतो. रात्रभर एकामागून एक सोंगं नाचत येतात, प्रत्येकाच्या तोंडावर मुखवटा. आता पुष्कळ मुखवटे कागदाच्या लगद्याचे असतात, जुने लाकडाचे होते. लाकडाचा मुखवटा आतून पोखरून पातळ करावा लागतो. जाड राहिला तर नाचणाऱ्याची मान धरते, फार पातळ झाला तर नाचताना फुटतो. मधलं माप कुठे लिहिलेलं नाही; ते हाताला कळतं.

कातकऱ्यांचं नावच त्यांच्या कामावरून पडलं. खैराच्या झाडाचा गाभा फोडायचा, त्याच्या ढलप्या मातीच्या मडक्यांत तासन्‌तास उकळायच्या, रस आटवून घट्ट करायचा आणि त्याच्या वड्या वाळवायच्या. हाच विड्यातला कात. आपल्या लग्नकार्यात विडा रंगतो तो या वडीमुळे. कात करणारा तो कातकरी. म्हणजे कल्याण-भिवंडीच्या बाजारात या माणसाचा माल पिढ्यान्‌पिढ्या येत होता. तो भिकारी नव्हता, चोर नव्हता. तो मालाचा करणारा होता.

जंगलाला मालक आला

पेशवाई संपल्यावर इंग्रजांना हे रान दोन कारणांनी हवं होतं. एक साग, दुसरं जळण. मुंबई वाढत होती. घरं, गोद्या, जहाजं यांना लाकूड हवं होतं, आणि लाखो चुलींना सरपण आणि कोळसा. १८४७ मध्ये मुंबई इलाख्यात वनसंरक्षक हे पद निर्माण झालं आणि डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्यावर आले. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली. पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. आपण त्या गाडीचा अभिमान बाळगतो, आणि तो योग्यच आहे. पण रुळांखालच्या फळ्यांना लाकूड लागतं, आणि गाडी आली की रानातला माल मुंबईला नेणं सोपं होतं, हेही त्याच गोष्टीत आहे.

मग कायदे आले. १८६५ चा पहिला वन कायदा, १८७८ चा कडक कायदा आणि शेवटी १९२७ चा. १८७८ च्या कायद्याने जंगलाचे राखीव आणि संरक्षित असे वर्ग केले. राखीव जंगलात झाड तोडणं, गुरं चारणं, विस्तव लावणं हा गुन्हा झाला. मुंबई इलाख्यात साग आणि शिसव ही तर सरकारी झाडं. ती शेतकऱ्याच्या स्वतःच्या बांधावर उगवली तरी बहुतेक ठिकाणी सरकारची.

कायद्यातली दोन कलमं कारागिराच्या नजरेने वाचून पाहा. पहिलं असं की, वनगुन्ह्याचा संशय आला तर अधिकाऱ्याला लाकूड तर जप्त करता येतंच, पण त्याबरोबर हत्यारं, गाड्या आणि गुरंही जप्त करता येतात. ज्याच्याकडे एक कुऱ्हाड आणि एक वाकस आहे, त्याची ती गेली म्हणजे त्याचा हातच गेला. बापाकडून मिळालेलं हत्यार पुन्हा विकत घ्यायला रोकड कुठून आणायची? दुसरं कलम १९२७ च्या कायद्यात आहे: वनातली वस्तू सरकारची की नाही असा वाद उभा राहिला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ती सरकारचीच समजावी. म्हणजे ज्या माणसाच्या आजा-पणजाने त्या झाडाखाली सावली खाल्ली, त्याने कागद दाखवून सिद्ध करायचं की ओंडका माझा आहे. ज्याला अक्षर येत नाही त्याच्याकडून कागद मागायचा. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. त्या काळी आदिवासी मजुराने पाचशे रुपये एकत्र कधी पाहिलेही नसतील.

या सगळ्याचा अर्थ असा की काथवट कोरणं हा गुन्हा झाला नाही, पण काथवटीचं लाकूड आणणं हा गुन्हा झाला. वाघदेव उभा करायला बंदी नव्हती, पण त्याचा साग सरकारचा. कारागिरी राहिली आणि कच्चा माल काढून घेतला. एखाद्या कलेला मारायचं असेल तर तिच्यावर बंदीच घालावी लागते असं नाही.

कातकऱ्यांचं तर सरळच झालं. खैर तोडायला मनाई, म्हणून कात करणं बंद. ज्या कामाने जमातीला नाव दिलं ते काम गेलं आणि नाव तेवढं मागे राहिलं. पुढे हीच माणसं ठेकेदारांसाठी कोळशाच्या भट्ट्या लावू लागली. मोहाच्या फुलांवरही १८९२ मध्ये खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी कायदा आला, कारण सरकारला दारूवरचा कर हवा होता. मोह हे तर उपाशी दिवसांतलं खाणं.

शेतीचंही तेच. भाताचं रोप तयार करण्याआधी जमिनीवर पालापाचोळा आणि फांद्या जाळायची पद्धत इथे आहे, तिला राब म्हणतात. फांद्या तोडायला बंदी आली तेव्हा आदिवासी आणि कुणबी दोघेही अडकले. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये सरकारला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या वनप्रश्नासाठी आयोग नेमावा लागला. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. काही सवलती मिळाल्या. जंगल मात्र सरकारचंच राहिलं.

मोळीवाला

झाड गेलं, कात गेला, मग माणूस काय करणार? तो मजूर झाला. ठेकेदाराच्या कूपात झाडं तोडायला तोच आदिवासी लागायचा. काल स्वतःच्या नांगरासाठी एक फांदी तोडली म्हणून पकडला गेलेला माणूस आज मालकासाठी शेकडो साग आडवे करायचा, आणि ते कायदेशीर. कुऱ्हाड तीच, झाड तेच, हातही तोच. फरक मालकीचा.

जमीन सावकाराकडे गेली. डोंगरपट्ट्यात वेठ चालू झाली. म्हणजे जमीनदाराने बोलावलं की फुकट राबायचं. लग्नासाठी कर्ज काढलं तर नवरा-बायको दोघं त्या कर्जापोटी मालकाच्या घरी राबणार, याला लग्नगडी म्हणत. ही आमची अतिशयोक्ती नव्हे. १९३९ मध्ये डी. सिमिंग्टन या इंग्रज सनदी अधिकाऱ्यानेच मुंबई सरकारसाठी आदिवासींच्या स्थितीवर अहवाल लिहिला, त्यात कर्ज आणि वेठबिगारीची हकीकत आली आहे.

इथे आपण आपल्याशी खरं बोललं पाहिजे. इंग्रजांनी कायदा केला, पण त्या कायद्याच्या सावलीत बसून ज्यांनी फायदा घेतला ते सगळे गोरे नव्हते. डहाणू, उंबरगाव, तलासरीच्या जमीनदार-सावकारांत हिंदू होते, पारशी होते, इराणी होते आणि मुसलमानही होते. आमच्या घरी जमीनदारी नव्हती. आम्ही फक्त मोळी आणि काथवट घेणारे. तरी दोन पायली तांदळात ती काथवट घेताना भाव कोणी ठरवला असेल? उन्हातून मैलोन्‌मैल चालत आलेला आणि संध्याकाळच्या आत परत रानात पोहोचायची घाई असलेला माणूस भाव ठरवत नसतो. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपल्या घराघरांत मुलांना सांगितली जाते. घाम सुकण्याआधी दिलं, एवढं खरं. पण किती दिलं?

या माणसांनी शेवटी मान वर केली, आणि त्याचा एक धागा आपल्या अगदी शेजारी सापडतो. कल्याण तालुक्यातल्या टिटवाळ्याला जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्र किसान सभेचं पहिलं अधिवेशन भरलं. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे दांपत्य त्यामागे होतं. उंबरगावकडचे मूठभर वारली तिथे आले होते, त्यांत माह्या धांगडा होते. आज आपण लोकलने ज्या टिटवाळ्यावरून जातो, तिथे त्या माणसांनी पहिल्यांदा ऐकलं की वेठ नाकारता येते. २३ मे १९४५ ला झरी गावात हजारो वारली जमले आणि त्यांनी ठरवलं की यापुढे फुकट काम नाही. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. गोदावरीबाईंनी ही सगळी हकीकत पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली. ती ज्यांनी वाचली नसेल त्यांनी जरूर वाचावी.

त्या लढ्याच्या मागण्या पाहा. गवत कापण्याची मजुरी, झाड तोडण्याची मजुरी. कारागीर म्हणून हक्क मागण्याइतकी उसंतच कोणी ठेवली नव्हती. आधी मजूर म्हणून जगणं, मग बाकीचं.

सातासमुद्रापलीकडचा एक सुतार

ठाण्यातल्या कोरणाऱ्याचं नाव आपल्याला सांगता येत नाही. म्हणून ज्याचं नाव राहिलं अशा एकाची गोष्ट सांगतो, म्हणजे काय हरवलं याचा अंदाज येईल.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकुव्हर बेटाजवळ क्वाक्वाकावाक् नावाचे मूळ रहिवासी आहेत. सीडरच्या प्रचंड झाडांतून ते उंच खांब कोरतात, मुखवटे करतात. लग्न, नामकरण, मृत्यू अशा प्रसंगी ते पॉटलॅच नावाचा मोठा मेळावा भरवतात. मुखवटे नाचतात, जेवणं होतात आणि यजमान आपली संपत्ती पाहुण्यांना वाटून टाकतो. हे वाटून टाकणं सरकारला आणि मिशनऱ्यांना खटकलं. १८८५ पासून कॅनडात पॉटलॅचवर कायद्याने बंदी आली. लक्षात घ्या, ज्या वर्षी ठाण्याच्या वनांसाठी आयोग नेमला गेला तेच हे साल. झेंडाही तोच.

मुंगो मार्टिन यांचा जन्म १८८० च्या आसपास फोर्ट रूपर्ट या गावी झाला. सावत्र वडील चार्ली जेम्स नामांकित कोरणारे. मुंगो त्यांच्या हाताखाली शिकले. पण शिकलेलं काम वापरायचं कुठे? ज्या मेळाव्यासाठी मुखवटा करायचा तो मेळावाच गुन्हा. डिसेंबर १९२१ मध्ये डॅन क्रॅनमर यांनी लपून मोठा पॉटलॅच भरवला. सरकारला कळलं. मेळाव्याला गेलेल्या पुष्कळांवर खटले झाले, वीसेक बाया-माणसं तुरुंगात गेली. मुखवटे आणि पिढीजात वस्तू जप्त होऊन ओटावाच्या संग्रहालयात गेल्या, काही विकल्या गेल्या. मुंगो मासेमारी करून पोट भरत राहिले. पण वाकस त्यांनी टाकला नाही.

१९४७ मध्ये, साठी उलटून गेल्यावर, व्हँकुव्हरच्या विद्यापीठाने त्यांना जुने खांब दुरुस्त करायला बोलावलं. १९५१ मध्ये बंदीचं कलम कायद्यातून निघून गेलं. पुढे व्हिक्टोरियाच्या संग्रहालयासाठी त्यांनी आपल्या परंपरेतलं पूर्ण घर बांधलं, आणि १९५३ मध्ये त्या घरात उघडपणे पॉटलॅच भरवला. १९५६ मध्ये त्यांचा सुमारे ३९ मीटर उंचीचा खांब उभा राहिला. १९५८ मध्ये इंग्लंडच्या राणीच्या विंडसर बागेत त्यांचा शंभर फुटी खांब गेला. ज्यांच्या राज्यात बंदी आली त्यांच्याच अंगणात तो अजून उभा आहे. १९६२ मध्ये ते वारले तेव्हा त्यांचं शव कॅनडाच्या नौदलाच्या जहाजातून गावाकडे नेलं. जप्त झालेल्या वस्तूंपैकी पुष्कळशा १९७९-८० मध्ये परत आल्या आणि लोकांनी त्या स्वतःच्या संग्रहालयांत ठेवल्या.

मुंगो मार्टिन यांचं मोठेपण फक्त हातात नव्हतं. त्यांनी पुढच्या पिढीला शिकवलं, हेन्री हंट आणि टोनी हंट हे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. बंदीच्या सहासष्ट वर्षांत धागा तुटला असता, तो एका माणसाने धरून ठेवला.

आपल्या डोंगरात असे किती मुंगो मार्टिन झाले असतील? त्यांच्या कामावर बंदी नव्हती म्हणून कोणी ती उठवली नाही. त्यांच्या वस्तू जप्त झाल्याची यादी नाही म्हणून परत मागायलाही कोणी नाही. संग्रहालयात गेलात तर पाहा. बहुतेक ठिकाणी चिठ्ठीवर लिहिलेलं असतं: मुखवटा, लाकूड, ठाणे जिल्हा. जमातीचं नाव असतं. करणाऱ्याचं नसतं.

आज काय आहे?

स्वातंत्र्य आलं, पण १९२७ चा वन कायदा राहिला. तो आजही लागू आहे. २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. त्याच्या प्रस्तावनेत आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली आहे, ही मोठी गोष्ट. कसलेली जमीन, गौण वनोपज आणि गावाचं सामूहिक जंगल यांवरचे हक्क त्यात आले. बांबू आला, मध आला, मोह आला, तेंदू आला. पण इमारती लाकूड गौण वनोपजात येत नाही. म्हणजे टोपली विणणाऱ्याला हक्क मिळाला. कोरणाऱ्याचा साग अजून सरकारचाच. जंगल राखायला हवं, याबद्दल दुमत नाही; येऊरला उद्यानाच्या हद्दीत कुऱ्हाड चालू नये हेही खरं. पण हे रान कोणी संपवलं? काथवट कोरणाऱ्याने वर्षाकाठी चार ओंडके नेले म्हणून, की मुंबईच्या गोद्या, रूळ आणि भट्ट्यांनी? राखण्याचा सगळा भार ज्याने सर्वांत कमी घेतलं त्याच्याच डोक्यावर टाकला, हा हिशेब चुकीचा आहे.

नाव लिहिलं की काय होतं, याचं उदाहरणही आपल्याच जुन्या जिल्ह्यात आहे. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. वारली चौक हे लग्नघरातल्या भिंतीवरचं सवाशिणींचं काम. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांनी या भागात हिंडून कागद आणि रंग दिले, आणि शेतमजुरी करणाऱ्या जिव्यांचा हात जगाला दिसला. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांचं नाव छापलं. आज आपल्या पडद्यांवर, कपांवर, शाळेच्या भिंतींवर वारली चित्रं आहेत. चित्र वाचलं, कारण भिंतीला आणि तांदळाच्या पिठाला वनखात्याचा परवाना लागत नव्हता. लाकूड कोरणाऱ्याचं तसं नव्हतं.

आमची वही

हुकूकुल इबाद, माणसांचे माणसांवरचे हक्क, यावर आपण प्रवचनं ऐकतो. नाव विचारणं हाही त्यातलाच एक लहानसा हक्क असावा, असं आम्हाला आता वाटतं. ज्याच्या हातचं आपण वापरतो, खातो, तो माणूस आपल्यासाठी निव्वळ 'कातकरी' किंवा 'मोळीवाला' राहू नये.

पावसाच्या तोंडाशी ठाणे आणि कल्याण स्टेशनबाहेर आदिवासी बाया शेवळं, टाकळा, कुर्डू, कंटोळी घेऊन बसतात. पहाटेची गाडी धरून आलेल्या असतात. आपण त्यांच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करतो आणि मॉलमध्ये लावलेला भाव मुकाट्याने देतो. यंदा आम्ही एक केलं. शेवळाच्या जुड्या घेतल्या, सांगितला तेवढा भाव दिला आणि विचारलं, "मावशी, नाव काय तुमचं?"

ती आधी गोंधळली. पोलीस किंवा पालिकेचा माणूस आला की काय, असं वाटलं असावं. नाव विचारलं जातं ते पावती फाडताना, एवढाच तिचा अनुभव. मग तिने सांगितलं. गाव सांगितलं, शहापूरच्या पुढचं. घरी लाकडाचं काम कोणी करतं का, हेही विचारलं. म्हणाली, "बाबा करायचा. काठवटी, मुसळी. आता कोण करतं? लाकूडच नाही."

तिच्या बाबांचंही नाव विचारलं. तेही तिने सांगितलं. इथे छापत नाही, कारण ते तिचं आहे. आमच्या वहीत मात्र आहे. आमच्या काथवटीचा करणारा तो नसेल, कदाचित असेलही. आता कळायला मार्ग नाही.

वाचकांना एक विनंती. तुमच्याही घरात जुनी काथवट असेल, उखळ असेल, पाट असेल. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा की हे कोणी केलं, कुठून आणलं, काय दिलं. नाव कळलं तर वस्तूच्या बुडाला लिहून ठेवा. नाही कळलं, तर निदान मुलांना एवढं सांगा की हे आपोआप झालेलं नाही. हे एका माणसाने केलं आहे, ज्याला ते करण्यासाठी चोरासारखं रानात जावं लागलं.

आमची काथवट आता माळ्यावर नाही. ईदच्या भाकऱ्या यंदा तिच्यातच थापल्या.